बी पेरून पॉपी फुलवताना : खर्च किती, कशावर आणि केव्हा

घरच्या घरी बी पेरून पॉपी फुलवायला किती खर्च येतो, असं विचारलं तर बहुतेक जण पाकिटाची किंमत सांगतात : चाळीस, पन्नास, फार तर ऐंशी रुपये. हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. चार कुंड्यांच्या बागेत बियांवरचा खर्च एकूण खर्चाच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शाइतका असतो. बाकीचे पैसे कुंड्या, माती आणि खत यांवर जातात, आणि पेरणीची तारीख चुकली तर ते सगळेच पाण्यात जातात. म्हणून या लेखात किमतींइतकीच जागा तारखांना दिली आहे. पहिल्यांदाच बी पेरणाऱ्याने काय घ्यावं, काय टाळावं आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे त्यातून कळावं.

पुढे दिलेले दर शहरातल्या नर्सऱ्या, बियाण्यांची दुकानं आणि ऑनलाइन विक्री यांत साधारणपणे आढळणारे ढोबळ दर आहेत. गाव, हंगाम आणि दुकान यांप्रमाणे ते मागेपुढे होतील. आधी आकडे एका नजरेत पाहू.

• चार ग्रो बॅगा, सगळं सामान नवं : ७०० ते १,१०० रुपये. त्यात १२ ते १६ रोपं वाढतात, म्हणजे रोपामागे ४५ ते ९० रुपये.
• अंगणात १० फूट बाय ४ फुटांचा वाफा, मेहनत घरचीच : ३०० ते ६०० रुपये. ६० ते ७० रोपं, म्हणजे रोपामागे ५ ते ९ रुपये.
• त्याच चार ग्रो बॅगा दुसऱ्या वर्षी : १५० ते २५० रुपये.

खर्चाआधीची फुकट तपासणी : ऊन

पॉपीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे मे महिन्यात उन्हाने भरून जाणाऱ्या उत्तरेकडच्या बाल्कनीत थंडीत थेट ऊन येतच नाही. दक्षिणेकडची बाल्कनी मात्र याच दिवसांत सोन्याची ठरते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता जागा पाहून ठेवा. तिन्ही वेळा ऊन दिसलं तर पुढे वाचा. एकदाच दिसलं तर पॉपीवर एक रुपयाही खर्च करू नका. सावलीत रोपं उंच, लुसलुशीत होऊन लवंडतात आणि कळीच धरत नाहीत.

कोणती पॉपी घ्यावी

पॉपी या एका नावाखाली दुकानात वेगवेगळी झाडं मिळतात. पहिल्या वर्षासाठी त्यांतली दोनच कामाची.

शर्ली पॉपी : दीड ते अडीच फूट उंच, केसाळ देठ, कातरलेली पानं आणि लाल, गुलाबी, पांढरी किंवा दुरंगी फुलं. युरोपातल्या शेतांमधल्या लाल रानपॉपीचीच ही बागेतली रूपं. पेरल्यापासून १० ते १२ आठवड्यांत फूल येतं. एकेक फूल दीड-दोन दिवसच टिकतं, पण कळ्या एकामागून एक येत राहतात. पाकीट ४० ते ८० रुपये.

कॅलिफोर्निया पॉपी : फूट-सव्वा फूट उंच, बारीक चिरलेली करडट हिरवी पानं, केशरी, पिवळी आणि साय रंगाची फुलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचं हे १९०३ पासूनचं राज्यफूल. संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी ते मिटून बसतं, म्हणून सकाळी लवकर कामाला जाऊन अंधारात परतणाऱ्याने हे लक्षात घेऊनच पैसे घालावेत. ८ ते १० आठवड्यांत फुलतं आणि ऊन, कोरडेपणा शर्लीपेक्षा जास्त सोसतं. पाकीट ४० ते ८० रुपये.

आइसलँड पॉपी दिसायला फार सुरेख आणि फुलदाणीत सगळ्यांत जास्त टिकणारी, पण तिची वाढ संथ असते. फुलायला साडेतीन-चार महिने लागतात आणि मूळची थंड मुलखातली असल्याने तिला थंडीही जास्त दिवस हवी. संकरित बियांचं छोटं पाकीट १०० ते ३०० रुपयांना पडतं. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या गार गावात राहत असाल तर जरूर करून पाहा, नाहीतर एकदोन हंगामांनंतर तिच्याकडे वळा.

ओरिएंटल पॉपी आणि हिमालयातली निळी पॉपी यांच्या वाटेला जाऊ नका. दोन्ही बहुवार्षिक झाडांना कडाक्याची थंडी आणि गार उन्हाळा लागतो. ऑनलाइन दिसणारे गडद निळ्या किंवा सप्तरंगी पॉपीचे फोटो तर पुष्कळदा रंग बदलून केलेले असतात. अशा पाकिटावरचे दीड-दोनशे रुपये शंभर टक्के वाया.

आपल्याकडे माळरानावर आणि रस्त्याकडेला उगवणारा काटेरी पिवळा धोतराही पॉपीच्याच कुळातला, मूळचा मेक्सिकोचा. फुलं गोड दिसतात म्हणून तो कुंडीत आणू नका. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि विषारी असतं. मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाल्याने १९९८ मध्ये दिल्लीत कित्येकांना जीव गमवावा लागला.

खसखस पेरायची नाही

हा मुद्दा पैशांचा नसून कायद्याचा आहे. नवख्या माळ्याला वाटतं, पॉपीचं बी म्हणजे खसखसच, मग डब्यातली चिमूटभर टाकून पाहायला काय हरकत आहे? खसखस ही अफूच्या झाडाची बी आहे. ती खाणं आणि विकणं कायदेशीर आहे, झाड लावणं मात्र गुन्हा आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे ‘एनडीपीएस’च्या, कलम ८ ने अफूच्या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली आहे आणि कलम १८ मध्ये त्यासाठी सक्तमजुरीची तरतूद आहे. लागवडीचा परवाना केंद्र सरकार देतं, तोही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या अधिसूचित भागांतल्या शेतकऱ्यांनाच. ग्वाल्हेरला मुख्यालय असलेलं केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो त्यावर देखरेख ठेवतं. महाराष्ट्रात आणि गोव्यात असा परवाना मिळत नाही. ‘शोभेसाठी एकच रोप लावलं’ ही सबब कायद्यात नाही.

त्यामुळे पाकिटावरचं लॅटिन नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘पॅपॅव्हर ऱ्हीअस’ म्हणजे शर्ली, ‘एशॉल्झिया’ म्हणजे कॅलिफोर्निया, ‘पॅपॅव्हर न्यूडिकॉले’ म्हणजे आइसलँड. नावात ‘सॉम्निफेरम’ हा शब्द दिसला तर पाकीट परत ठेवा. परदेशी यादीत ‘पिओनी पॉपी’, ‘ब्रेडसीड पॉपी’ अशा गोंडस नावांनी मिळणारं बी हे अफूचंच असतं.

रोपं उगवल्यावरही नजर ठेवा. शर्लीचं पान खरखरीत, केसाळ आणि खोल कातरलेलं असतं. अफूचं पान गुळगुळीत, मेणचट, निळसर हिरवं असून त्याचा बुडखा देठाला मिठी मारून बसलेला असतो. असं रोप वाफ्यात दिसलं तर लगेच उपटून टाका.

सगळ्यांत महाग गोष्ट : तारीख

पॉपीचं बी १५ ते २० अंश तापमानात उत्तम उगवतं. बाळरोपांना गार रात्री हव्यात आणि फुलं येईपर्यंत कडक ऊन पडायला नको. आपल्याकडे हा काळ जेमतेम चार महिन्यांचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाईने पेरलं तर बी उगवत नाही किंवा रोपं कोलमडतात. डिसेंबरात उशिरा पेरलं तर रोपं कळीवर येतात तेव्हा होळी आलेली असते आणि कळ्या उन्हाने करपतात.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर : ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते २० नोव्हेंबर. जानेवारीत पुण्यात रात्रीचं सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे पॉपीला हवं तसं. १ नोव्हेंबरला पेरलेली शर्ली जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात फुलू लागते आणि फेब्रुवारीभर बहरते.

नागपूर आणि विदर्भ : थंडी चांगली पडते, पण उन्हाळाही लवकर गाठतो. १० नोव्हेंबरपर्यंत पेरणी उरका.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा : मुंबईत जानेवारीतही रात्रीचं किमान तापमान १७ अंशांच्या आसपास राहतं, गोव्यात त्याहून जास्त. इथे नोव्हेंबरच्या मध्यावर कॅलिफोर्निया पॉपीचं एकच पाकीट, घरात असलेल्या जुन्या कुंडीत, एवढाच प्रयोग करावा. फुलली तर आनंद आहे, नाही फुलली तर नुकसान पन्नास रुपयांचं. नव्या कुंड्या-मातीसकट हजार रुपये घालण्याजोगी हवा ही नव्हे.

सगळं बी एकाच दिवशी पेरू नका. पाकिटाचे तीन भाग करून दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरा. अवकाळी पावसाने किंवा अचानक वाढलेल्या उकाड्याने एक हप्ता गेला तरी दुसरा हाती राहतो, आणि बहरही लांबतो. हा विमा फुकट आहे.

पाकीट घेताना

एका ग्रॅममध्ये शर्लीच्या काही हजार बिया मावतात, कारण तिचं बी खसखशीपेक्षाही बारीक असतं. त्यामुळे ‘५० बिया, ९९ रुपये’ हा सौदा तोट्याचा. अर्धा ग्रॅम किंवा एक ग्रॅमचं पाकीट ५०-६० रुपयांना मिळत असेल तर तेच घ्या. कॅलिफोर्नियाचं बी मोठं, मोहरीच्या जवळपास जाणारं, म्हणून त्याच्या ग्रॅममध्ये काहीशे बियाच बसतात. दोन्हींची तुलना वजनावर करू नका.

पाकिटावर लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, वैधता, उगवणक्षमतेची टक्केवारी आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का, ते पाहा. साध्या झिपच्या पिशवीत, नुसता रंगीत फोटो चिकटवून विकलेलं बी कितीही स्वस्त असलं तरी नको. अनेक पाकिटांवर चाचणीपासून नऊ महिन्यांची वैधता असते. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीअखेरीस भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनासारख्या ठिकाणी फुलं पाहून मन मोहरतं आणि हात पाकिटांकडे जातो, पण तेव्हा पॉपीच्या पेरणीची वेळ टळलेली असते. तिथे रंग आणि जाती टिपून घ्या, बी मात्र ऑक्टोबरात ताजं विकत घ्या.

ऑनलाइन मागवताना घरपोच आणण्याचे ४० ते ८० रुपये वेगळे पडतात, म्हणजे एका पाकिटाची किंमत दुप्पट होते. इमारतीतल्या दोन-तीन घरांनी मिळून मागवावं. दोन रंगांची दोन पाकिटं तीन घरांनाही पुरून उरतात.

अमेरिका-इंग्लंडमधल्या नातेवाइकांना ‘येताना बी घेऊन ये’ असं सांगू नका. पेरणीचं बी भारतात आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निघण्याच्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर पाकीट जप्त होऊ शकतं. शिवाय तिकडच्या आकर्षक मिश्रणांत अफूचं बी असण्याची शक्यता असतेच.

कुंडी आणि माती : खर्चाचा मोठा वाटा

पॉपीचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि दुखावलं तर रोप सहसा सावरत नाही. म्हणून ट्रेमध्ये रोपं करून मग कुंडीत लावण्याच्या भानगडीत पडू नका. बी जिथे फुलायचं तिथेच पेरायचं. यातून सीड ट्रेचे शे-दीडशे रुपये वाचतात.

कुंडी निदान दहा इंच खोल हवी. चिनीमातीच्या देखण्या कुंडीची गरज नाही. १२ बाय १२ इंचांची ग्रो बॅग ४० ते ६० रुपयांना मिळते आणि तीन-चार हंगाम टिकते. रंगाचे रिकामे डबे भंगारवाल्याकडे २० ते ४० रुपयांत मिळतात. स्वच्छ धुऊन तळाला पाच-सहा भोकं पाडली की झालं.

मातीच्या बाबतीत नवखे लोक नको तिथे उदार होतात. पॉपीला फार सकस माती मानवत नाही. खत जास्त झालं की पानांचा गड्डा वाढतो, देठ पिचके होतात आणि फुलं कमी येतात. तिला हवा असतो पाण्याचा चांगला निचरा. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धा भाग जाडसर वाळू, एवढं मिश्रण पुरे. खत हाताला कोरडं, भुसभुशीत लागलं पाहिजे आणि त्याला ओल्या शेणाचा वास येता कामा नये. कच्च्या शेणखताने बाळरोपं जळतात.

अंगणात काळी माती असेल तर सपाट वाफ्यात पाणी साचून मुळं कुजतात. सहा इंच उंचीचा गादीवाफा करा आणि दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत वरच्या थरात मिसळा. महागडी तयार माती आणून वाफा भरण्याची गरज नाही.

पेरणी : खर्च शून्य, लक्ष पूर्ण

पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उकरलेल्या बेल्जियम-फ्रान्सच्या शेतांत लाल पॉपी अमाप उगवल्या, आणि पुढे ते फूल तिकडे सैनिकांच्या स्मृतीचं चिन्ह झालं. मातीत वर्षानुवर्षं निपचित पडलेलं बी उकरलं गेलं आणि त्याला उजेड मिळाला, हे त्याचं कारण. आपल्या कुंडीलाही हाच नियम लागू आहे. शर्लीचं आणि आइसलँडचं बी मातीखाली गाडलं तर उगवत नाही, ते पृष्ठभागावरच हवं.

१. कुंडी भरून एक इंच कड मोकळी ठेवा. आदल्या दिवशी भरपूर पाणी घालून माती बसू द्या.
२. चिमूटभर बी दोन मुठी कोरड्या बारीक वाळूत नीट कालवा. फिकट वाळूमुळे कुठे पडलं ते दिसतं आणि बी विरळ पडतं.
३. हे मिश्रण अंगठा आणि दोन बोटांत धरून, रांगोळी सोडतो तसं कुंडीवर फिरवत सोडा.
४. वर माती घालू नका. तळहाताने किंवा छोट्या पाटीने हलकेच दाबा, म्हणजे बी मातीला चिकटेल. कॅलिफोर्नियाच्या बियांवर मात्र दोन-तीन मिलिमीटर माती भुरभुरा.
५. झारीने पाणी घालू नका, बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. हातपंपाच्या बाटलीने फवारा, किंवा कुंडी उथळ घमेल्यातल्या पाण्यात अर्धा तास ठेवून खालून पाणी शोषू द्या.

१० ते १५ दिवसांत केसासारखी बारीक हिरवी रोपं दिसू लागतात. तोवर माती ओलसर राहायला हवी, पण चिखल नको. मुंग्या बी वाहून नेतात. तसं दिसलं तर पसरट ताटलीत पाणी भरून त्यात विटेवर कुंडी ठेवा.

उगवल्यानंतर

रोपांना तीन-चार खरी पानं आली की विरळणी करा. नवख्यांचा हात इथे अडतो, कारण जिवंत रोप काढवत नाही. पण एका ग्रो बॅगेत चाळीस रोपं ठेवली तर चाळीसही खुरटतात. दोन रोपांत सहा ते आठ इंच अंतर ठेवा, म्हणजे बॅगेत तीन किंवा चार. नको असलेली रोपं उपटू नका, शेजारचं मूळ हलतं. छोट्या कात्रीने जमिनीलगत कापा.

पाणी सकाळी द्या, वरचा इंचभर थर सुकल्यावरच. संध्याकाळच्या पाण्याने रात्रभर ओल राहते आणि रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. हा मर रोग, आणि त्यावरचं औषध शोधण्यापेक्षा पाणी कमी करणं स्वस्त. पाच-सहा आठवड्यांनी कुंडीमागे मूठभर गांडूळखत पुरे. युरिया अजिबात नको.

जानेवारीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने तो धुऊन जातो. वाढलाच तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. शंभर मिलीची बाटली १०० ते १५० रुपयांना मिळते. मावा दिसेपर्यंत ती विकत घेऊ नका.

पॉपीची केसाळ कळी आधी मान खाली घालून असते. उमलायच्या आदल्या दिवशी देठ सरळ होतो. सकाळी कळीचं हिरवं आवरण दोन भागांत फाटून गळून पडतं आणि आतून ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या रेशमासारख्या चुरगळलेल्या पाकळ्या बाहेर येतात. तासाभरात त्या ताणल्या जाऊन सपाट होतात. फुलदाणीसाठी फूल हवं असेल तर आवरण फाटून रंगाची रेघ दिसताच कळी कापा, देठाचं टोक काही सेकंद उकळत्या पाण्यात धरा आणि मग थंड पाण्यात ठेवा. कोमेजलेली फुलं रोज खुडली तर नव्या कळ्या येत राहतात. बी धरू दिलं की झाड थकतं.

पॉपी बघण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही. लहान मुलं आणि पाळीव जनावरं यांच्या तोंडाशी येणार नाही अशा जागी कुंड्या ठेवा.

यावर पैसे घालवू नका

• सीड ट्रे आणि तयार सीडलिंग मिक्स : पॉपीला पुनर्लागवड चालत नाही, म्हणून दोन्ही निरुपयोगी.
• मुळं फुटण्याची पावडर : ती छाटकलमांसाठी असते.
• ‘ब्लूम बूस्टर’ आणि द्रव खतांच्या बाटल्या : चार महिन्यांच्या झाडासाठी २००-४०० रुपयांचा फालतू खर्च.
• मुळांवरची माती झाडून जुडी बांधलेली रोपं : स्वस्त वाटतात, पण बहुतेक मरतात. रोपंच घ्यायची असतील तर मातीच्या अखंड गोळ्यासकट घ्या. नर्सरीत मिळालीच तर २० ते ५० रुपयांना एक. फुललेली कुंडी त्याहून महाग, पण ती महिन्याभराचीच सोबत.

अंदाजपत्रक एक : बाल्कनी किंवा गच्ची, चार ग्रो बॅगा

• ग्रो बॅगा चार : १६० ते २४०
• लाल माती, २० किलोच्या दोन गोण्या : २०० ते ३००
• कोकोपीट, एक किलोची वीट : ६० ते ९०
• गांडूळखत, ५ किलो : १०० ते १५०
• वाळू : २० ते ४०
• बियांची दोन पाकिटं : ८० ते १६०
• हातपंपाची बाटली : ६० ते १००
• एकूण : ६८० ते १,०८० रुपये

घरात जुन्या कुंड्या आणि माती असेल तर यातले पाचशे-साडेपाचशे रुपये सहज वाचतात. जुनी माती दोन दिवस उन्हात पसरून, मुळं काढून घ्या आणि चौथा हिस्सा नवं खत मिसळा.

अंदाजपत्रक दोन : अंगणातला गादीवाफा, १० बाय ४ फूट

• शेणखताची एक गोणी : १५० ते २५०
• बियांची तीन पाकिटं : १२० ते २४०
• वाळू : ४० ते ८०
• एकूण : ३१० ते ५७० रुपये

माळीबुवांकडून वाफा करून घेतला तर अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे ४०० ते ७०० रुपये वाढतात. ती मजुरी अंगमेहनतीची आहे, त्यात घासाघीस करू नका. बी मात्र स्वतः पेरा. जाड पेरण्याची सवय असलेल्या हाताला हे बारीक बी नवीन असतं.

दुसऱ्या वर्षीचा खर्च

बोंड तपकिरी होऊन हलवल्यावर आत बी वाजू लागलं की सकाळचं दव सुकल्यावर ते कापून कागदी पाकिटात ठेवा. उशीर केला तर वरच्या चकतीखालच्या छिद्रांतून बी उडून जातं. आठवडाभर सावलीत वाळवून, चाळून, नाव-तारीख लिहिलेल्या पाकिटात घाला आणि हवाबंद डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. कॅलिफोर्नियाच्या लांब शेंगा वाळल्या की ताडकन फुटतात, म्हणून त्या थोड्या आधी काढा.

घरचं बी अगदी आईच्या रंगाचंच येईल असं नाही, मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. शर्ली पॉपीचा जन्मही असाच निवडीतून झाला. इंग्लंडमधल्या शर्ली गावचे पाद्री विल्यम विल्क्स यांना १८८०च्या सुमारास लाल रानपॉपीत पांढऱ्या कडेचं एक फूल दिसलं. त्याचं बी वेगळं राखून ते वर्षानुवर्षं निवड करत राहिले आणि आजचे फिकट, नाजूक रंग तयार झाले. तुम्हीही जानेवारीतच आवडत्या रंगाच्या फुलाला लोकरीचा धागा बांधून ठेवा आणि बी त्याच झाडाचं घ्या. असं केलं तर दुसऱ्या वर्षी खर्च फक्त खताचा आणि हवं तर एका नव्या रंगाच्या पाकिटाचा.

बी उगवलं नाही तर

आधी दोष कुठे आहे ते तपासा. वीस बिया ओल्या टिश्यू पेपरवर, झाकणाच्या पारदर्शक डबीत, गार आणि उजेडाच्या जागी ठेवा. दोन आठवड्यांत दहा-बारा बियांना मोड आले तर बी चांगलं आहे, चूक तारखेची किंवा पाण्याची. दोन-तीनच आले तर पाकीट, बिल आणि डबीचा फोटो घेऊन विक्रेत्याकडे जा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. रक्कम लहान असली तरी तक्रार करा. शिळं बी नव्या पाकिटात भरून विकण्याला आळा बसायचा तर तो अशा तक्रारींनीच बसेल. त्यासाठी बिल मागून घेण्याची सवय लावा आणि पाकीट फुलं येईपर्यंत फेकू नका.

खरेदीचा क्रम

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऊन तपासा. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या जुन्या कुंड्या आणि माती मोजून कमी पडेल तेवढंच आणा. तिसऱ्या आठवड्यात तारीख आणि लॅटिन नाव पाहून बी घ्या. पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटू लागलं की पहिला हप्ता पेरा. आणि हा लेख हातात पडेपर्यंत २० नोव्हेंबर उलटून गेली असेल तर यंदा पाकीट घेऊच नका. ते पैसे आणि कुंड्या पुढच्या ऑक्टोबरसाठी राखून ठेवा.